वाळुंजाचे छोटे गुलाब

मावळात श्रावण म्हणजे डॉक्टरांचा हंगाम. भातलावणी नुकतीच उरकलेली असते, बायकांच्या पायांना चिखल्या झालेल्या असतात, घरोघरी थंडीताप आणि जुलाब असतात आणि दवाखान्याच्या बाकावर बसायला जागा नसते. सत्तावीस वर्षांत या दिवसांत मी दवाखाना कधी बंद ठेवला नव्हता. गेल्या वर्षी तो दहा दिवस बंद ठेवला आणि उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला गेलो. शेजारच्या औषध दुकानदाराने विचारले, "डॉक्टर, बद्रीनाथाला का?" मी "त्याच बाजूला" एवढेच म्हणालो. बद्रीनाथाच्या वाटेवर जाऊन दर्शन न घेता परतलेल्या मोजक्या मराठी माणसांत माझी गणना व्हावी. मी गेलो होतो एका फुलासाठी, आणि ते फूल मला प्रथम भेटले होते चहाच्या एका पुड्यावर.

वाचकहो, त्या पुड्याची हकिकत आधी सांगतो. ज्यांची ही हकिकत आहे, त्या गुरुजींनी ती लिहिण्याची परवानगी दिली आहे. किंबहुना "लिहाच" असे म्हटले आहे.

पुड्यावरचे फूल

गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या जवळ. घरची भातशेती आहे आणि लेक जर्मनीत असते. काही वर्षांपूर्वी ते रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घ्यायला आले होते. उठता उठता त्यांनी पिशवीतून एक पुडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर चार पाकळ्यांच्या नाजूक गुलाबी फुलाचे चित्र होते. "लेकीने पाठवला आहे. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे. तिकडचे लोक यावर हाच काढा घेतात म्हणे. घेऊ का?"

जर्मन भाषेत त्या वनस्पतीचे नाव 'वायडनरोशेन', म्हणजे वाळुंजाचे छोटे गुलाब. लेकीने फोनवर तसा अर्थ सांगितला होता आणि गुरुजींना त्याचे फार कौतुक होते. पाने वाळुंजासारखी लांबट आणि फूल रंगाने गुलाबी, म्हणून हे नाव. इंग्रजीतही तिला 'विलोहर्ब' म्हणतात. शास्त्रीय नाव एपिलोबियम.

बाहेर बाकावर वीसएक माणसे बसली होती. मी पुडा उलटून पाहिला, हसलो आणि म्हणालो, "घ्या गुरुजी, त्याने काही अपाय नाही." माझ्या टेबलापासून तपासणीचा पलंग चार पावलांवर आहे. त्या दिवशी मी गुरुजींना ती चार पावले चालायला लावली नाहीत.

त्यानंतर दीड वर्षाने, जानेवारीतील एका रात्री दोन वाजता त्यांचा मुलगा दार वाजवत आला. गुरुजींना दोन दिवस सर्दी होती, कोणीतरी दिलेल्या सर्दीच्या गोळ्या त्यांनी घेतल्या होत्या आणि दुपारपासून लघवी पूर्ण बंद होती. पोट बेंबीपर्यंत टणक लागत होते. नळी घातली तेव्हा दीड लिटरहून अधिक लघवी बाहेर आली. एवढी लघवी एका दिवसात साठत नाही. मूत्राशय कित्येक महिने पुरते रिकामे होत नव्हते, त्याचा दाब मागे मूत्रपिंडांपर्यंत पोहोचला होता आणि ती दोन्ही फुगली होती. रक्तातील क्रिएटिनिन पाचच्या वर गेले होते. मागाहून चौकशी केली, तेव्हा गुरुजींच्या पत्नीने मान खाली घालून सांगितले, की तीन-चार महिने अंथरूण ओले होत होते. ते दोघांनीही कोणालाच सांगितले नव्हते.

पुण्यात दुर्बिणीतून प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाली. कर्करोग नव्हता. धार सुटली, मूत्रपिंडे थोडी सावरली. पण क्रिएटिनिन दोनच्या खाली आले नाही, आणि येणारही नाही. एका शब्दानेही गुरुजींनी मला दोष दिला नाही. बरे होऊन दवाखान्यात आले तेव्हा त्यांनी विचारले ते वेगळेच. "डॉक्टर, तो चहा मी दीड वर्ष प्यायलो. ते झाड आपल्या देशात कुठे उगवते का हो? एकदा पाहायला हवे होते."

मला उत्तर ठाऊक नव्हते. शोधले तेव्हा कळले, की एपिलोबियमच्या कितीतरी जाती हिमालयात मूळच्याच आहेत आणि त्यांतील सर्वांत देखणी जात व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये पुष्पावती नदीच्या पात्रात फुलते, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. गुरुजींना आता एवढ्या उंचीवर नेणे शक्य नव्हते. म्हणून मी गेलो.

घांगरियाची चढण

हृषिकेश सोडले, की रस्ता गंगेच्या आणि मग अलकनंदेच्या काठाने वर वर जातो. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग अशी संगमांची नावे येत राहतात आणि दुसऱ्या मुक्कामाला आपण जोशीमठात असतो. तिथून पुढे गोविंदघाट. येथे भ्यूंदारची नदी अलकनंदेला मिळते आणि याच नदीच्या काठाने वरची वाट सुरू होते. पुलना गावापर्यंत जीप जाते. पुढे घांगरियापर्यंत सुमारे दहा किलोमीटर पायी, किंवा खेचरावरून.

या वाटेवर तुमच्यासोबत चालणारे बहुसंख्य लोक फुलांसाठी आलेले नसतात. ते हेमकुंड साहिबला निघालेले शीख यात्रेकरू असतात. सत्तरीच्या आजी काठी टेकत, नामस्मरण करत चढत असतात, आणि थकलेल्याला कोणीही ओळखदेख नसता पाण्याची बाटली पुढे करतो. आषाढीच्या वारीची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

वाटेत भ्यूंदार गाव लागते. २०१३ च्या जूनमधील महापुराने गोविंदघाटाची आणि या गावाची मोठी हानी केली. पूल, घरे, वाट असे पुष्कळ काही वाहून गेले. नदीपात्रात घराएवढे धोंडे अजून पडलेले आहेत. एका चहाच्या टपरीत बसून ते धोंडे पाहत असताना मला आपल्या फुलाचा विचार आला. पुराने उकरून टाकलेली, माती नसलेली, नुसत्या दगडगोट्यांची जमीन ही त्याचीच जागा. पण अजून ते दिसत नव्हते. ते वर होते.

गोविंदघाट सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि घांगरिया ३,००० मीटरच्या थोडे वर. एका दिवसात माणूस बाराशे मीटर चढतो. अडीच हजार मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. तरुणाला, पैलवानाला, रोज व्यायाम करणाऱ्यालाही. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही त्याची पहिली भाषा असते. ती ऐकून एक दिवस थांबले, तर बहुतेकांचे भागते. पण बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला सुरू झाला किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये. मिळेल त्या साधनाने खाली उतरावे. घांगरियाला एक दिवस जास्तीचा मुक्काम ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगतो. आधी दरी पाहावी आणि मग, प्रकृती साथ देत असेल तरच, चार हजार मीटरच्या वर असलेल्या हेमकुंडाला जावे.

आणखी एक गोष्ट मी त्या चढणीवर पाहिली. नाशिककडील काही भगिनी माझ्या पुढेमागे चालत होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर पाण्याची बाटली होती आणि प्रत्येक बाटली काठोकाठ भरलेली. कारण विचारले तर एकमेकींकडे पाहून हसल्या. "वाटेत सोय नाही हो डॉक्टर." पुरुषही हेच करतात, विशेषतः साठीनंतरचे, ज्यांना वारंवार जावे लागते आणि ते सांगायची लाज वाटते. उंचीवर आणि थंडीत लघवी अधिक होते, श्वासावाटे पाणी अधिक जाते, आणि अशा वेळी माणसे पाणी पिणे थांबवतात! मग डोके दुखते, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ होते. वाटेवर ठरावीक अंतरावर शौचालये आहेत, ती चांगली असतील असे नाही. पण त्यांचा उपयोग करावा आणि घोट घोट पाणी पीत राहावे. ज्या विषयाची घरात लाज वाटते, त्याची डोंगरातही वाटते, एवढेच मला त्या हसण्यातून कळले. गुरुजींच्या पत्नीची खाली घातलेली मान मला तिथे पुन्हा दिसली.

तेरड्याची दरी

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पाऊस भुरभुरत होता. घांगरियापासून थोड्या अंतरावर वाट दुभंगते. उजवीकडे हेमकुंड, डावीकडे फुलांची दरी. वनखात्याच्या चौकीवर नोंद करून आत जायचे आणि संध्याकाळच्या आत परतायचे. दरीत मुक्काम करू देत नाहीत. १ जून ते ३१ ऑक्टोबर एवढेच महिने ही दरी माणसांसाठी उघडी असते. १९८२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

पुष्पावतीवरचा पूल ओलांडला, की भूर्जाच्या रानातून खडी चढण आहे. भूर्जाची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती. तासाभराने रान संपते आणि दरी एकदम समोर उलगडते. दोन्ही बाजूंना ढगांत शिरलेले कडे, मध्ये हिरवा उतार आणि त्या उतारावर दूरवर पसरलेला गुलाबी रंग.

माझ्या पुढचा एक तरुण ओरडला, "हेच ते!" मीही क्षणभर फसलो. जवळ गेलो तर छातीइतके उंच, रसरशीत देठांचे, शेपटीसारखा काटा असलेल्या फुलांचे झाड. तेरडा! गौरीच्या दिवसांत आपल्याकडे डोंगरउतारांवर फुलतो, त्या तेरड्याचे हे हिमालयातील भावंड. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवसांचा. येथे तो ऑगस्टमध्ये आख्खी दरी व्यापतो. पुष्कळ पर्यटक हा गुलाबी उतार पाहून, छायाचित्रे काढून येथूनच परततात. मला मात्र अजून चालायचे होते.

या दरीची बाहेरच्या जगाला ओळख झाली ती १९३१ मध्ये. कामेट शिखर सर करून परतणारे फ्रँक स्माइथ आणि त्यांचे सहकारी येथे उतरले. स्माइथ १९३७ मध्ये फुलांसाठी पुन्हा आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी या दरीवर पुस्तक लिहिले. त्यापुढच्या वर्षी, १९३९ मध्ये, जोन मार्गारेट लेग ही इंग्रज महिला वनस्पतींचे नमुने गोळा करायला आली आणि ४ जुलैला कड्यावरून पाय घसरून गेली. तिची समाधी दरीतच आहे. शिळेवर तिचा जन्म १८८५ चा नोंदवलेला आहे. मी मनात वजाबाकी केली. चोपन्न वर्षे; माझ्या आजच्या वयाइतकीच. कोणीतरी शिळेवर ताजी फुले वाहिली होती. खरे तर दरीत फूल तोडायला मनाई आहे. पण त्या फुलांविषयी चौकीवर कोणी तक्रार करील असे वाटत नाही.

नदीच्या पात्रात

समाधीपासून पुढे वाट नदीकडे उतरते. गवत संपते, माती संपते आणि पायाखाली करकरणारे पांढरे-करडे गोटे लागतात. वरच्या टिपरा हिमनदीने दळून आणि पुष्पावतीने वाहून आणलेला हा चुरा. आणि त्या गोट्यांवर, पाण्यापासून हातभर अंतरावर, गुलाबी-जांभळ्या फुलांचा गालिचा.

झाड वीतभर, फार तर दीड वीत उंच. पाने जाडसर, निळसर करडी, खरोखर वाळुंजाच्या आकाराची. झाडाच्या मानाने फूल मात्र केवढे मोठे! चार रुंद पाकळ्या, आणि पाकळ्यांच्या फटींतून डोकावणारी अरुंद, गडद रंगाची चार निदले. हे पुड्यावरचे नेमके फूल नव्हे. पुड्यावर होती ती युरोपातील बारीक फुलांची जात. ही तिची मोठ्या फुलांची बहीण. इंग्रजीत हिला 'रिव्हर ब्यूटी' म्हणतात. ग्रीनलँडचे हे राष्ट्रीय फूल आहे. तिथल्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'तरुण मुलगी' असा होतो आणि तिथले लोक त्याची पाने खातातही. उत्तर ध्रुवाजवळचे आणि गढवालच्या दरीतले फूल एकच, कारण दोघांची जमीन एकच. बर्फाने नुकतीच सोडलेली.

मी गुडघे टेकून बसलो. फुलाखाली देठ समजून जे मी बोटात धरले होते, ते देठ नव्हते. ती शेंग होती. फूल उमलण्याआधीच शेंगेचा आकार तयार असतो आणि फूल तिच्या टोकावर बसते. एपिलोबियम या ग्रीक नावाचा अर्थच 'शेंगेवरचे' असा आहे. शेंग पिकली, की चार फाकांनी उकलते आणि रेशमी झुपका लावलेले बी वाऱ्यावर निघते. रुईची म्हातारी आपण लहानपणी पकडायचो, तशीच ही म्हातारी. आकाराने मात्र अगदी चिमुकली.

आणखी एक मौज पाहिली. नव्या फुलात पुंकेसर ताठ आणि परागाने भरलेले, तर मधली कुक्षी खाली वाकलेली. जणू तिची वेळ अजून आलेली नाही. जुन्या फुलात पुंकेसर गळालेले आणि कुक्षी सरळ होऊन चार हातांनी उघडलेली. एकाच फुलाने स्वतःचाच पराग घेऊ नये म्हणून ही वेळेची विभागणी. एपिलोबियमच्या उंच वाढणाऱ्या जातीत ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस श्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने प्रथम बारकाईने वर्णिली. एक केसाळ, गुबगुबीत भुंगा पावसाच्या थेंबांना न जुमानता फुलाफुलांतून फिरत होता. मी त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिलो. शाळामास्तरने शोधलेली गोष्ट आपल्या गुरुजींना सांगायची, हे तिथेच ठरवले.

ही वनस्पती जगभर उघड्या पडलेल्या जमिनीची वनस्पती म्हणून ओळखली जाते. तिच्या उंच बहिणीला अमेरिकेत 'फायरवीड' म्हणतात, कारण वणव्यानंतर काळ्या पडलेल्या रानात ती प्रथम उगवते. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांवर तीच फुलली. १९८० मध्ये अमेरिकेतील सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्यानंतर राखेतून वर येणाऱ्या पहिल्या झाडांत ती होती. पुढे माती धरते, इतर झाडे येतात, सावली वाढते आणि ही वनस्पती मागे हटते.

त्या गोट्यांवर बसून हे सारे आठवताना मन सुखावत होते, आणि त्याच वेळी एक गोष्ट टोचत होती. निसर्गात मोडलेली जमीन पुन्हा भरून येते. मूत्रपिंडात तसे होत नाही. तेथील गाळणारे घटक एकदा मेले, की त्यांच्या जागी नवे उगवत नाहीत. उरलेल्यांवर भार वाढतो, एवढेच. ज्या दीड वर्षात ते वाचवता आले असते, ते दीड वर्ष या सुंदर फुलाच्या चित्राकडे पाहून निघून गेले होते. यात फुलाचा दोष नाही.

चहाविषयी थोडे

तो चहा वाईट आहे का, असे तुम्ही विचाराल. नाही. रशियात एपिलोबियमच्या उंच जातीची पाने आंबवून, वाळवून त्यांचा चहा शतकानुशतके करतात. 'इव्हान चहा' असे त्याचे नाव आहे. प्रोस्टेटसाठी बारीक फुलांच्या जातीचा काढा युरोपात घरोघरी पोहोचला, तो मुख्यतः मारिया ट्रेबेन या ऑस्ट्रियन महिलेच्या १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे. या वनस्पतीत टॅनिन वर्गातील द्रव्ये आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांचे काही परिणाम दिसतात. पण रुग्णांवरील भक्कम चाचण्यांनी सिद्ध झालेले हे औषध नाही. युरोपीय संघाच्या औषध नियामक संस्थेने लघवीच्या अशा तक्रारींसाठी त्याला मान्यता दिली आहे ती केवळ परंपरागत वापराच्या आधारावर, आणि एका अटीवर: गंभीर आजार नाही याची डॉक्टरांनी आधी खात्री केलेली असावी. ही अट जर्मनीतील पुड्याइतकीच मावळातील दवाखान्यालाही लागू होती. मी ती पाळली नाही.

म्हणून घरातील पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांविषयी, आणि खरे तर त्यांच्या पत्नीला, मुलांना उद्देशून मी काही सांगतो. रात्री एकाहून अधिक वेळा उठावे लागणे, धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखे न वाटणे हे 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नका. बहुतेकांत ते प्रोस्टेटच्या साध्या वाढीमुळे असते आणि गोळ्यांनी बरे वाटते. पण ते साधे आहे हे तपासल्यावाचून कळत नाही. लघवीची व रक्ताची तपासणी, लघवी करण्याआधी आणि नंतर सोनोग्राफी, आणि डॉक्टरांनी बोटाने केलेली प्रोस्टेटची तपासणी. एवढ्यावर बरेच काही स्पष्ट होते. पीएसए ही रक्ततपासणी कोणाला हवी, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. लघवीतून रक्त गेले, तर ते एकदाच गेले असले तरी थांबू नका. उतारवयात अंथरूण ओले होऊ लागले, तर तो मूत्राशय तुडुंब भरून सांडत असल्याचा इशारा असू शकतो, आणि तो वेदनेवाचून येतो. ज्यांची धार आधीच बारीक आहे त्यांनी सर्दीच्या गोळ्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांतील काही औषधांनी लघवी अचानक अडते. आणि घरात जो काही काढा, चूर्ण, चहा चालू असेल, तो डॉक्टरांना दाखवावा. दाखवल्यावर डॉक्टर नुसते हसले, तर "तपासता का?" असे विचारावे. तो तुमचा हक्क आहे.

बांधावर

मी फूल आणले नाही. आणता येतही नाही. मोबाइलमध्ये छायाचित्रे होती. भाद्रपदात, गौरी येण्याच्या दिवशी, गुरुजींच्या घरी गेलो. सून आणि नाती गौरीसाठी तेरडा आणायला शेताकडे गेल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "चला, आपणही बांधावर जाऊ."

बांधावर बसून त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक छायाचित्र बोटांनी मोठे करून पाहिले. मी श्प्रेंगेल मास्तरांची गोष्ट सांगितली. शेंगेवर फूल बसते ते दाखवले. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग उठून बांधाच्या कडेला, खाचराच्या पाण्यात पाय घालून उभे राहिले आणि एक झुडूप वाकवून म्हणाले, "हे पाहा बरे. शेंगेवरच बसले आहे ना?"

पिवळे, चार पाकळ्यांचे फूल. खाली लांबट, लवंगेसारखी शेंग. पाणलवंग. भातखाचराच्या कडेला ती दरवर्षी उगवते, आणि दरवर्षी मी तिच्या शेजारून चालत जातो. रात्री पुस्तक उघडून पाहिले. गुरुजींचे निरीक्षण अचूक होते. पाणलवंग आणि पुष्पावतीकाठचे ते फूल एकाच कुळातील. बियांना मात्र तिच्या झुपका नसतो. ती पाण्यातून जाते, वाऱ्यावरून नव्हे.

"चाळीस वर्षे मुलांना फुलाचे भाग शिकवले," गुरुजी पाय पुसत म्हणाले, "आणि हे झाड कधी वर्गात नेले नाही." तेवढ्यात नाती तेरड्याचे भारे घेऊन आल्या, आणि त्यांतील धाकटीला त्यांनी जवळ बोलावून पाणलवंगेची शेंग उकलून दाखवली.

निघताना मी त्यांना आठवण केली. येत्या सोमवारी क्रिएटिनिन तपासायचे आहे. उपाशी येण्याची गरज नाही. पलंगावर झोपून पोटही तपासायचे आहे, बाहेर कितीही गर्दी असली तरी.